काझाच्या थंडीत एफएक्स६ चालेल का? चालेल, पण खोलीत नेताना जपा

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुम्ही दोघं मिरजेचे. जानेवारीअखेर माहितीपटासाठी हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यात, काझा आणि किब्बरला जाताय. सोबत भाड्याचा सोनी एफएक्स६ हा व्हिडिओ कॅमेरा, एक २४-७० आणि एक २००-६०० मिमीची लेन्स. शून्याच्या खाली कॅमेरा बंद पडला तर जबाबदारी तुमची, असं रेंटलवाल्याने बजावलंय. म्हणून तुम्ही विचारताय की कॅमेऱ्याला हीटिंग जॅकेट घ्यावं, की बजेट ताणून अ‍ॅरी कंपनीचा महागडा सिनेमा कॅमेरा अ‍ॅलेक्सा मिनीच न्यावा.

माझं मत, दोन्ही नको. एफएक्स६च न्या आणि जॅकेटचे पैसे बॅटऱ्यांत घाला. अर्थात बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. उणे आठ आणि उणे पंचवीस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मुक्कामी वीज किती तास असते, रात्रीचं शूट आहे का, गाडी दिवसभर हाताशी आहे का, यावर उत्तर बदलेल. तुम्ही हे लिहिलेलं नाही, म्हणून मी धरून चालतो की मुक्काम होमस्टेत आहे, काम पहाटे आणि दिवसा आहे, आणि किब्बर म्हटल्यावर हिमबिबट्याच्या आशेने तासन् तास एका जागी बसणं आलंच.

रेंटलवाला खोटं बोलत नाही. सोनीने एफएक्स६ला ० ते ४० अंश सेल्सिअस अशीच मर्यादा दिली आहे. रेड कंपनीच्या बहुतेक कॅमेऱ्यांचंही तेच. अ‍ॅरीने अ‍ॅलेक्सा मिनीला मात्र उणे २० ते ४५ दिलंय. पण हा आकडा कंपनी कुठपर्यंत हमी घेते ते सांगतो. उणे एकला कॅमेरा संपावर जात नाही. चालू कॅमेरा स्वतः गरम होतो, आपल्या उन्हाळ्यात तर तीच डोकेदुखी असते. बाहेर उणे पंधरा असताना बॉडीच्या आत त्यापेक्षा बरंच जास्त तापमान असतं, आणि सेन्सरचा नॉइज (चित्रातले दाणे) थंडीत उलट कमी होतो. हमीबाहेर चालवताय म्हणजे धोका तुमचा, हे मात्र खरं. म्हणून रेंटलवाल्याशी तोंडी बोलून भागवू नका. कुठे नेताय, अंदाजे किती तापमानात, हे लिहून द्या आणि इन्शुरन्समध्ये काय येतं ते लेखी घ्या.

अ‍ॅलेक्सा मिनी उत्तम कॅमेरा आहे, पण तो वीज खातो, एफएक्स६पेक्षा कितीतरी जास्त. वजन वेगळंच. पाच-सहा जणांचं युनिट, दोन अटेंडंट आणि जनरेटर असता तर मीच म्हटलं असतं, न्या. दोन माणसांनी चार हजार मीटरच्या वर तो आणि त्याच्या बॅटऱ्या वाहायच्या म्हणजे तिसऱ्या दिवशी कॅमेरा खोलीतच राहणार.

जॅकेटचं म्हणाल तर, वाऱ्यापासून आणि भुरभुर बर्फापासून आडोसा म्हणून साधं पॅडिंगचं कव्हर जरूर घ्या, फक्त फॅनच्या जाळ्या मोकळ्या ठेवा. तापवणारं जॅकेट त्याच बॅटऱ्यांवर चालतं ज्यांची तिथे टंचाई असणार आहे. शिवाय कोमट बॉडीवर पडलेला बर्फ वितळतो आणि पाणी बटणांच्या फटींत उतरतं. थंड बॉडीवरचा बर्फ ब्रशने झटकला की निघतो. आणि मोबाइलवर 'जाणवतंय उणे तीस' असं दिसलं म्हणून घाबरू नका. ते आपल्या कातडीसाठी असतं. वाऱ्याने कॅमेरा लवकर गार होतो, पण हवेच्या तापमानाखाली जात नाही.

आता खऱ्या धोक्याकडे येतो. थंडीत बंद पडलेला कॅमेरा बॅटरी बदलली की बहुतेक वेळा चालू होतो. कायमचे कामातून गेलेले जे मी पाहिले, ते थंडीतून सरळ उबेत आणलेले होते. होमस्टेतली खोली डोळ्यांपुढे आणा. मधोमध तंदूर, म्हणजे खोली तापवायची शेगडी, पेटलेला, त्यावर पाण्याची किटली दिवसभर वाफा सोडतेय, सात-आठ माणसं श्वास घेतायत, ओले मोजे वाळत घातलेत. खोली १८ अंशांवर आणि आर्द्रता ५० टक्के धरली, तर साधारण ७ अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. तुमचा कॅमेरा आहे उणे पंधरा. आत पाऊल टाकल्यावर मिनिटाभरात पुढच्या काचेवर, बॉडीवर, आणि फॅनच्या जाळीतून हवा आत शिरली तर आतही पाणी. बाहेरचं पुसता येतं. लेन्सच्या दोन काचांमध्ये धरलेलं दव पुसायला हात पोचत नाही. आणि तसाच ओला कॅमेरा अर्ध्या तासात परत बाहेर नेलात तर त्या पाण्याचा बर्फ होतो.

स्पितीची बाहेरची हवा कोरडी असते, त्यामुळे बाहेर हा त्रास कमीच. हे सगळं दारात घडतं. सप्टेंबरात कासला पहाटे शूट केलं असेल किंवा पावसाळ्यात एसी गाडीतून कॅमेरा काढून थेट मेणवलीच्या घाटावर लावला असेल, तर काच कशी पांढरी होते ते तुम्हाला ठाऊकच आहे. तिथे फरक दहा-बारा अंशांचा असतो, काझ्यात तीस-पस्तीसचा.

उपाय अगदी साधा आहे, फक्त दमलेलं असतानाही तो रोज न चुकता करावा लागतो. दाराबाहेरच, थंडीत, कॅमेरा बंद करायचा. बॅटरी आणि कार्ड बाहेर काढून वेगळ्या छोट्या झिप पिशवीत. कॅमेरा आणि लेन्स जाड, हवाबंद पिशवीत घालून आतली हवा दाबून काढायची आणि झिप लावायची. मगच आत. दव पिशवीच्या बाहेरून धरतं, आतली कोरडी थंड हवा कॅमेऱ्याभोवती राहते. पिशवी तंदूरपासून लांब, दाराजवळच्या गार कोपऱ्यात ठेवा आणि कॅमेरा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. एफएक्स६ आणि छोट्या लेन्सला दोन-तीन तास लागतात. २००-६०० म्हणजे काचेचा मोठा गोळा, तिला त्याहून जास्त. झिप उघडून 'जरा बघतो' म्हणणाऱ्या जोडीदाराला आधीच दम देऊन ठेवा. कार्डं मात्र लवकर तापतात, म्हणून ती वेगळी. जेवणाआधी कॉपी सुरू करता येते. सिलिका जेलच्या पुड्या टाका, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. त्या हळूहळू ओल शोषतात, दव धरायला मिनिटही लागत नाही.

मी स्वतः तर कॅमेरा रोज तापवतच नाही. बॉडी आणि लेन्स केसमध्ये भरून तंदूर नसलेल्या खोलीत ठेवतो. मातीच्या जाड भिंतींच्या घरात सामानाची किंवा चाऱ्याची खोली असते, ती शून्याच्या आसपास किंवा थोडी खाली राहते. कॅमेरा थंडच राहिला की पहाटे पिशव्यांचा खेळ नाही. काही जण रात्रभर गाडीत ठेवतात, ते मला पटत नाही. सोनीची नुसतं ठेवण्याची मर्यादाही उणे २० आहे आणि गाडी रात्री त्याच्या खाली जाऊ शकते. चोरीचं म्हणाल तर काझ्यात भीती कमी, पण इन्शुरन्सवाल्याला ते पटवून द्यावं लागेल.

कॅमेरा उबेत ठेवला असेल तर बाहेर पडताना उलटी काळजी. शूटच्या पाऊण तास आधी बाहेर काढून केसमध्येच गार होऊ द्या, मोठ्या लेन्सला जास्त वेळ. याचं आणखी एक कारण २००-६०० वापरताना कळेल. गरम लेन्सच्या हुडमध्ये (काचेपुढच्या नळीत) कोमट हवा थरथरते आणि ५०० मिमीवर चित्र पाण्याखाली असल्यासारखं हलतं. माणूस फोकसला दोष देतो, लेन्सचं कॅलिब्रेशन करत बसतो. तसंच हीटर चालू असलेल्या गाडीची काच खाली करून, खिडकीवर लेन्स टेकवून घेतलेले शॉट. आतली गरम हवा लेन्ससमोरूनच बाहेर पडत असते. हीटर बंद करा, इंजिन बंद करा, दोन्ही बाजूंच्या काचा उघडा आणि गाडी गार होऊ द्या. कुडकुडाल, पण शॉट शार्प येईल.

बॅटरीबद्दल जरा खोलात जातो, कारण खरा खर्च तिथे आहे. थंडीत लिथियम-आयन बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि अंतर्गत रोध वाढतो. ऊर्जा कुठे गेलेली नसते, पण कॅमेऱ्याने करंट ओढला की व्होल्टेज एकदम खाली बसतं आणि बॉडीला वाटतं बॅटरी संपली. म्हणून ४० टक्के दाखवत असतानाच कॅमेरा बंद होतो, आणि तीच बॅटरी आतल्या खिशात अर्धा तास ठेवली की पुन्हा चालते. हे कळलं की 'संपलेली' बॅटरी बॅगेत फेकायची नाही, अंगाशी ठेवायची. बॉडी, लेन्स, छोटा मॉनिटर मिळून २५ ते ३० वॅट धरा. ९८ वॉट-अवरची व्ही-माउंट (कॅमेऱ्यामागे लावायची मोठी बॅटरी) सांगलीत तीन-साडेतीन तास जाईल. उणे पंधराला नियोजन करताना मी निम्मंच धरतो, जास्त गेली तर फायदा. एफएक्स६ला व्ही-माउंट थेट लागत नाही. १९.५ व्होल्ट देणारी अ‍ॅडाप्टर प्लेट लागते, ती रेंटलमधून मागून घ्या आणि निघण्याआधी त्याच प्लेटवर दिवसभर चालवून पाहा.

वापरातल्या बॅटरीला फोमचं आवरण करा. हातात धरायचे हीट पॅक मिळतात, त्यातला एक बॅटरी आणि आवरणाच्या मधे. या पॅकमध्ये लोखंडाची भुकटी हवेतल्या ऑक्सिजनने गंजून उष्णता देते, त्यामुळे घट्ट गुंडाळले तर विझतात, आणि उंचीवर विरळ हवेत तसेही जरा मंदच चालतात. लेन्सला मात्र पॅक चिकटवू नका, आत्ताच सांगितलेली थरथर ओढवून घ्याल.

गोठलेली बॅटरी चार्जरवर लावू नका, हे जोडीदारालाही बजावून सांगा. शून्याच्या खाली चार्ज करताना लिथियम ऋणाग्रात शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूचा थर बनून साचतं. क्षमता कायमची जाते आणि आत शॉर्ट होण्याचा धोका वाढतो. बाहेरून काही दिसत नाही. रात्री आणली की आधी तासभर खोलीत, हाताला गार लागेनाशी झाली की मग चार्जर. झोपताना उद्याच्या बॅटऱ्या स्लीपिंग बॅगेत पायाशी. काझ्यात हिवाळ्यात वीज जाते-येते, व्होल्टेजही खालीवर होतं, म्हणून येईल तेव्हा एकदम चार-सहा बॅटऱ्या लावता येतील इतके चार्जर आणि एक बऱ्यापैकी सर्ज प्रोटेक्टर हवा.

पुण्याहून विमानाने चंदीगड करणार असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या हातसामानातच, टर्मिनल झाकून. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा अडचण नसते, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी आणि माणशी दोनच, १६० च्या वर प्रवासी विमानात नाहीच. म्हणून ९८ वाल्या घ्या असं मी सांगतोय. मोठं पॉवर स्टेशन न्यायचं तर रस्त्याने. तसाही हिवाळ्यात मनालीकडचा कुंझुम घाट बंद असतो आणि शिमला, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो असाच रस्ता उरतो. तो लांबचा असला तरी हळूहळू चढतो, आणि ते तुमच्या फायद्याचं आहे. काझा साधारण ३,६५० मीटरवर आहे, किब्बर ४,२०० च्या वर. महाबळेश्वर १,३५०च्या आसपास, म्हणजे आपल्याला उंचीची काहीच सवय नाही. वाटेत मुक्काम वाढवा आणि पहिले दोन दिवस महत्त्वाचं काही लावू नका. ऑक्सिजन कमी पडला की डोकं दुखायच्या आधी निर्णय चुकायला लागतात, चुकीचं कार्ड फॉरमॅट होतं ते अशा वेळी.

हार्ड डिस्कबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण यादीत दोन पोर्टेबल हार्ड डिस्क दिसल्या. त्या घरी ठेवा. फिरत्या डिस्कमध्ये वाचणारं हेड हवेच्या अतिपातळ थरावर तरंगतं. बहुतेक कंपन्या वापरासाठी ३,०४८ मीटर, म्हणजे दहा हजार फूट, हीच मर्यादा देतात. काझा त्याच्या वर. एसएसडी घ्या, दोन वेगळ्या प्रती करा आणि रात्री दोघांच्या बॅगेत वेगवेगळ्या ठेवा. कोरड्या हवेत फ्लीसच्या जॅकेटने स्थिर वीज फार होते. कार्डाला हात लावण्याआधी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला हात लावा.

लेन्सच्या आतलं ग्रीस थंडीत आपल्या बाटलीतल्या खोबरेल तेलासारखं घट्ट होतं. फोकस रिंग जड लागते, झूम अडकत अडकत फिरतो. वायरलेस फॉलो फोकस (दुरून मोटरने फोकस फिरवायचं यंत्र) लावणार असाल तर मोटरचा टॉर्क वाढवा आणि लेन्स पूर्ण गार झाल्यावर पुन्हा कॅलिब्रेट करा, खोलीत केलेलं बाहेर जुळत नाही. धातू आकसतो म्हणून इन्फिनिटीची, म्हणजे अगदी दूरच्या फोकसची खूणही सरकते, रिंगवरच्या आकड्यावर विसंबू नका. मॉनिटरचा एलसीडी हळू होतो, पॅन केला की चित्र मागे शेपूट सोडतं. ते रेकॉर्ड होत नाही, घाबरू नका. काचेवर तोंडाने फुंकर मारून पुसायची सवय असेल तर इथेच सोडून जा, श्वास काचेवर गोठतो आणि खरवडावा लागतो. ब्लोअर वापरा, तोही खिशात नको, कॅमेऱ्याच्या बॅगेत थंडच राहू द्या.

केबल हा कुणाच्या लक्षात न येणारा भाग आहे. पीव्हीसीचं आवरण कडक होतं आणि वळणावर तडकतं. एसडीआय (मॉनिटरला चित्र नेणारी) आणि पॉवरच्या जास्तीच्या केबल घ्या, जोडणी उबेत करून ठेवा आणि बाहेर त्या वाकवू नका. गॅफर टेप गोठला की चिकटत नाही, त्याऐवजी वेल्क्रोचे पट्टे. ट्रायपॉड कार्बनचा मिळाला तर उत्तम. अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर पायांवर क्रिकेट बॅटची ग्रिप चढवा, उघडा हात धातूला चिकटून कातडी निघू शकते. ड्रोन नेणार असाल तर त्याची मर्यादा बघा. डीजेआयच्या माविक ३ ला उणे १० आहे, म्हणजे पहाटे नाही, दुपारीच.

हातमोजे फोटोग्राफीच्या दुकानात शोधू नका. आतून बोटांना घट्ट बसणारे पातळ लोकरीचे, वरून दोरीने मनगटाला अडकवलेले जाड मिटन. वरचे काढून बटण दाबायचं, लगेच परत आत. आपल्या भागात सियाचीन किंवा लेहला राहून आलेला फौजी शोधायला लांब जावं लागत नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावात तर घरोघरी अनुभव सापडेल. थंडीत बोटं, पायमोजे आणि पाणी पिणं याबद्दल अशा माणसाकडून तासभर ऐका, तो माझ्यापेक्षा चांगलं सांगेल.

हे सगळं निघण्याआधी तपासायची सोय तुमच्या गावाशेजारीच आहे, आणि हा सल्ला मी सगळ्यात आग्रहाने देईन. सांगली-तासगाव पट्ट्यात बेदाण्याची कोल्ड स्टोरेजेस आहेत, पण तिथे तापमान शून्याच्या थोडं वरच असतं, ती पहिल्या फेरीला ठीक. कुपवाड एमआयडीसीच्या बाजूला ओळख काढून आइस्क्रीम किंवा गोठवलेला माल ठेवणारी खोली मिळते का बघा. अशा खोल्या उणे १८ च्या आसपास चालतात. मालकाची आणि रेंटलवाल्याची परवानगी घ्या, एकट्याने आत जाऊ नका, दार आतून उघडतं का ते आधी बघा. कॅमेरा दोन तास आत थंड होऊ द्या आणि मग रेकॉर्ड लावून प्रत्येक बॅटरीचा रनटाइम घड्याळ लावून लिहा. हातमोजे घालून बॅटरी आणि कार्ड बदलून बघा. फोकस इन्फिनिटीपर्यंत नेऊन खूण करा, मॉनिटर बघा, केबल हलवा. शेवटी पिशवीची पूर्ण कवायत करा. आत असतानाच कॅमेरा सीलबंद करून बाहेर आणा आणि पिशवीवर दव धरताना बघा. सांगलीची हवा काझाच्या खोलीपेक्षाही दमट, म्हणजे परीक्षा अवघडच होईल. हातमोज्यांसकट हे सगळं चार मिनिटांत जमेपर्यंत करा.

महाबळेश्वरच्या वेण्णा लेकला दवबिंदू गोठतात तेव्हा तिथे पहाटे जाणंही वाईट नाही, पण ते तुमच्या सरावासाठी. कॅमेऱ्याची परीक्षा तिथे होत नाही, तापमान तेवढं खाली जात नाही.

कोल्ड रूमची टेस्ट झाली की रनटाइमचे आकडे इथे टाका, आणि होमस्टेत वीज साधारण किती तास असते तेही विचारून लिहा. बॅटऱ्या आठ लागतील की बारा, ते त्यावरून ठरवता येईल. आत्ता अंदाजाने सांगितलं तर तुमचे पैसे तरी जास्त जातील, नाहीतर दुपारीच पॅकअप करावं लागेल.